पॉवरलाइन ॲडॉप्टर: थ्री-फेज मीटर आणि इन्व्हर्टर असलेल्या घरात चालतील का?

शेवंती | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार. थोडं सविस्तर लिहिते, म्हणजे उलट प्रश्न कमी येतील.

घर कराडला, सासऱ्यांनी १९९४ साली बांधलेलं, दुमजली. फायबर खालच्या हॉलमध्ये येतं आणि राउटर दारामागच्या कोपऱ्यात बसवलाय. माझं काम वरच्या मजल्यावर, अगदी मागच्या खोलीत. ती खोली मागाहून चढवलेली, त्यामुळे मधे स्लॅब, जिन्याची नऊ इंची भिंत आणि पूर्वीची बाहेरची भिंत असं सगळं येतं. प्लॅन १०० एमबीपीएसचा. हॉलमध्ये वायरने ९४ मिळतात. माझ्या टेबलावर ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क दिसतच नाही, आणि २.४ वर कधी ८, कधी २. दुपारच्या मीटिंगमध्ये माझा चेहरा गोठतो आणि पुण्याची टीम आपापसात बोलून मोकळी होते.

केबल टाकणं हा सरळ मार्ग. पण गेल्या दिवाळीला रंग झालाय, हॉलला पीओपी आहे, आणि ड्रिलचं नाव काढलं की मामंजी पेपर खाली ठेवून माझ्याकडे बघतात.

ऑफिसातल्या एकाने पॉवरलाइन ॲडॉप्टर सुचवले. एक राउटरजवळच्या प्लगात, दुसरा माझ्या खोलीत, आणि इंटरनेट घरातल्या विजेच्या तारांमधून. ऐकायला फारच सोपं वाटतंय, म्हणून विचारते. मीटर थ्री-फेज आहे. इन्व्हर्टर आहे. बॉक्सवर कुठे ६००, कुठे १०००, कुठे २००० लिहिलेलं असतं, त्यातलं खरं किती? आणि कुणी प्रत्यक्ष वापरलंय का?

उगाचच | सोमवार, रात्री ९.५२

जागा पकडून ठेवतो. वापरलेलं नाही. मामंजींच्या बाजूने आहे.

नाना_नेटवर्कवाले | सोमवार, रात्री १०.२५

शेवंतीताई, आधी आकड्यांचं.

बॉक्सवरचा आकडा म्हणजे तारेवरचा कच्चा वेग. आदर्श तार, जवळचं अंतर, आणि जाणारा-येणारा डेटा मिळून. शिवाय एका वेळी एकच ॲडॉप्टर बोलू शकतो. घाटातल्या एकपदरी पुलावर एका बाजूच्या गाड्या थांबवून दुसरीकडच्या सोडतात, तसं. त्यात चुका सुधारण्यासाठी जाणारा जास्तीचा डेटा धरा. सगळं वजा जाता बॉक्सवरच्या आकड्याच्या पाव हिस्सा हातात आला तरी मी त्याला चांगलं घर म्हणतो. दहावा हिस्सा मिळालेली घरंही पाहिली आहेत.

आणखी एक मेख. ६०० लिहिलेल्या बऱ्याच मॉडेलांचं इथरनेट पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं. म्हणजे तार कितीही चांगली असली तरी ९५ च्या वर काही निघणार नाही. तुमचा प्लॅनच १०० चा, तेव्हा तुमचं त्यात अडत नाही. ३०० चा प्लॅन असणाऱ्याने मात्र गिगाबिट पोर्ट आहे का ते पाहूनच घ्यावं.

आत काय चालतं ते थोडक्यात: वीज ५० हर्ट्झवर चालते, हे यंत्र त्याच तारेवर २ मेगाहर्ट्झच्या वरचे शेकडो बारीक सिग्नल चढवतं. होमप्लग एव्ही हा जुना प्रकार साधारण ३० मेगाहर्ट्झपर्यंत थांबतो, एव्ही२ हा नंतरचा ८६ पर्यंत जातो. ज्या फ्रीक्वेन्सीवर गोंगाट असेल तिथे कमी डेटा भरायचा, जिथे शांतता तिथे जास्त, असा हिशेब ते सतत करत असतं. म्हणूनच वेग दिवसभर एक राहत नाही. वर मिक्सर लावला की खाली कळतं.

थ्री-फेजबद्दल इथल्या वायरिंगवाल्यांनी बोलावं, मी फक्त राउटरच्या पुढचा माणूस.

टेम्सकाठ | मंगळवार, पहाटे ३.१०

(इकडे अजून रात्रच आहे.) रेडिंगमध्ये राहतो. चार वर्षं भाड्याच्या घरात हेच वापरलं, कारण घरमालक खिळा ठोकू देत नाही. इंग्लंडमध्ये हे प्रकरण बरंच सोपं जातं: घराला सिंगल फेज, आणि एका मजल्यावरचे सगळे सॉकेट बहुधा एकाच रिंग सर्किटवर. चौकोनी तीन पिनांच्या प्लगात अर्थ असतोच. एव्ही२ वाली यंत्रं अर्थची तारही सिग्नलसाठी वापरतात, फेज-न्यूट्रल ही एक जोडी आणि फेज-अर्थ ही दुसरी, त्यामुळे तिथे फायदा दिसतो.

एक त्रास मात्र झाला. माझं ब्रॉडबँड तेव्हा फोनच्या तांब्याच्या तारेवरून, व्हीडीएसएल. त्याचे सिग्नल साधारण १७ मेगाहर्ट्झपर्यंत जातात, म्हणजे पॉवरलाइनच्याच पट्ट्यात. ॲडॉप्टरची वायर आणि फोनची वायर शेजारी-शेजारी गेली की राउटरची लाइन पडायची. दोन्ही लांब केल्या, थांबलं. तुमचं फायबर आहे, काचेला हा प्रश्नच नाही.

फेजन्यूट्रल | मंगळवार, सकाळी ७.०५

आला की आमच्या धंद्यातला विषय. सांगलीत वायरिंगची कामं घेतो.

थ्री-फेज मीटर म्हणजे डीबीत (एमसीबींची पेटी, डिस्ट्रिब्युशन बोर्ड) आर, वाय, बी असे तीन फेज येतात आणि वायरमन लोड बघून वाटणी करतो. तुमच्या वयाच्या दुमजली घरांत बहुतेक वेळा खालचा मजला एका फेजवर, वरचा दुसऱ्यावर, मोटर-गिझर तिसऱ्यावर. मागाहून चढवलेली खोली तर ज्या फेजला जागा होती त्यावर टाकलेली असणार. तेव्हा राउटर एका फेजवर आणि तुमचं टेबल दुसऱ्यावर आहे असं धरूनच चाला.

वेगळ्या फेजवर सिग्नल सरळ जात नाही. तारा एकाच पाइपातून किंवा डीबीत शेजारून पळतात म्हणून थोडा झिरपतो. म्हणून लोक म्हणतात, आमच्याकडं थ्री-फेजवर पण चालतं. चालतं, पण नशिबावर.

उपाय तीन. फेज कपलर नावाची वस्तू डीबीत बसवता येते, ती तिन्ही फेजांमधून फक्त हा वरच्या फ्रीक्वेन्सीचा सिग्नल पलीकडं पाठवते. आपल्याकडं दुकानात मागितली तर दुकानदार तुमच्याकडं बघत बसेल. दुसरा उपाय, वरच्या खोलीची एमसीबी खालच्या फेजवर घ्यायची. हे काम दहा मिनिटांचं वाटतं, पण प्रत्येक फेजला वेगळी आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) असेल तर फेजबरोबर त्या सर्किटचा न्यूट्रल पण त्याच आरसीसीबीखाली न्यावा लागतो. नुसता फेज हलवला की आरसीसीबी पडणार, आणि मग "नवीन वायरमनने घर बिघडवलं" अशी बोंब. चार पोलची एकच आरसीसीबी असेल तर ही भानगड नाही. लोडची वाटणी बिघडत नाही ना, ते पण बघायला लागतं.

तिसरा उपाय फुकटचा आहे, आणि तो तुमच्या इन्व्हर्टरमध्येच आहे. घरगुती इन्व्हर्टर सिंगल फेजचा. त्याला इनपुट एकाच फेजवरून, आणि आउटपुटची लाइन घरभर फिरवलेली: प्रत्येक खोलीत एक ट्यूब, एक पंखा, आणि बऱ्याचदा त्याच बोर्डवरचा ५ अँपियरचा प्लग. म्हणजे बाकी घर तीन फेजांत वाटलेलं असलं तरी इन्व्हर्टरचे पॉइंट खाली-वर सगळीकडं एकाच लाइनवर! दोन्ही ॲडॉप्टर इन्व्हर्टरच्या प्लगात लावा. लाइट गेली तरी चालू राहतील ते वेगळंच.

कुठला प्लग इन्व्हर्टरवर आहे ते शोधायला मेन स्विच पाडा आणि मोबाइलचा चार्जर घेऊन फिरा. डीबी उघडू नका. दोन फेज एकमेकांत मोजले तर चारशेच्या वर व्होल्ट असतात, ते काम वायरमनचं.

रानमेवा | मंगळवार, सकाळी ९.३०

एवढं सगळं करण्यापेक्षा कंपनीच्या माणसाला बोलावून फायबरच वर नेता येत नाही का? ती वायर दोऱ्याएवढी असते. बाहेरच्या भिंतीने, खिडकीच्या फटीतून.

शेवंती | मंगळवार, सकाळी ९.५८

@रानमेवा, विचारलं होतं. येतील. पण मग खाली हॉलमध्ये तीच रड: टीव्ही, मामंजींची कीर्तनं आणि लेकाचा अभ्यास सगळं खाली.

@फेजन्यूट्रलदादा, हे इन्व्हर्टरचं डोक्यातच आलं नव्हतं. एक शंका. लाइट असताना इन्व्हर्टरच्या पेटीतून सिग्नल जाईल का?

फेजन्यूट्रल | मंगळवार, दुपारी १.१५

ताई, दोन्ही ॲडॉप्टर इन्व्हर्टरच्या पुढच्या बाजूला आहेत. सिग्नलला पेटीतून जायचंच नाही, आउटपुटच्या लाइनवरच इकडून तिकडं जायचं. एक मेनवर आणि एक इन्व्हर्टरवर लावला तर मात्र पेटी मधे येते, आणि लाइट गेली की मेनवरचा बंदच पडणार.

लाइट गेल्यावर इन्व्हर्टर स्वतः थोडा गोंगाट करतो. साइनवेव्हवाला असेल तर फरक कमी, जुना स्क्वेअरवेव्ह असेल तर वेग पडलेला दिसेल.

अजून एक. ॲडॉप्टर भिंतीच्या प्लगातच लावा. एक्स्टेन्शन बोर्डवर नको, स्पाइक गार्डवर तर मुळीच नको. स्पाइक गार्डमध्ये जो फिल्टर असतो त्याचं कामच असले सिग्नल मारायचं.

लघुलहरी | मंगळवार, रात्री ८.४५

मी हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला आहे, ठाण्याला. दुसरी बाजू मांडतो, रागावू नका.

घरातल्या तारा कवच नसलेल्या असतात. त्यांच्यावर २ ते ३० मेगाहर्ट्झचे सिग्नल चढवले की अख्खं घर एक भली मोठी अँटेना होतं, आणि नेमक्या त्याच पट्ट्यात आमची आणि शॉर्टवेव्ह रेडिओची वस्ती. होमप्लगवाल्यांनी हे ओळखून हॅमचे पट्टे मुद्दाम रिकामे सोडले. एव्हीमध्ये एकूण ११५५ कॅरिअर (नाना म्हणाले ते बारीक सिग्नल) आहेत, त्यातले अमेरिकेच्या नियमांनुसार ९१७ च वापरले जातात. त्यामुळे ७ किंवा १४ मेगाहर्ट्झवर मला फार त्रास होत नाही. शॉर्टवेव्ह ऐकणाऱ्याला होतो, त्याचे पट्टे कुणी सोडले नाहीत. शेजारी कुणी रेडिओवाला असेल तर त्याला एकदा विचारा, एवढंच.

गोंगाट शोधायचा अनुभव मात्र तुमच्या कामाचा. सगळ्यात घाण आवाज स्वस्त एलईडी ट्यूब आणि बल्बांच्या आतल्या सर्किटचा, मग लोकल मोबाइल चार्जर, मग पंख्याचे ते गोल फिरणारे, सलग वेग बदलणारे रेग्युलेटर. खटखट पायऱ्यांचे रेग्युलेटर बरे, त्यांच्यात कपॅसिटर असतो. बॅटरीवर चालणारा एएम रेडिओ रिकाम्या जागेवर लावा आणि बोर्डाजवळ न्या. ज्या दिव्याने खरखर वाढते तो ॲडॉप्टरचाही शत्रू. फेजन्यूट्रल म्हणाले तो इन्व्हर्टरचा मार्ग चांगला आहे, पण लक्षात घ्या, त्याच लाइनवर घरातले सगळे दिवे आणि पंखेही आहेत.

डिझेल_ते_ईव्ही | मंगळवार, रात्री ९.२०

अवांतर: तुमची इलेक्ट्रिक गाडी सीसीएस प्रकारच्या फास्ट चार्जरला लावता ना, तेव्हा गाडी आणि चार्जर जे एकमेकांशी बोलतात ते याच कुटुंबातल्या होमप्लग ग्रीन पीएचवाय भाषेत. घरात फारसं कुणी विचारत नाही, पण हायवेवर ठिकठिकाणी चालू आहे.

उगाचच | मंगळवार, रात्री ९.२४

म्हणजे चार्जरवर "कनेक्शन फेल्ड" येतं ते पण स्वस्त ट्यूबमुळेच म्हणायचं.

शेवंती | रविवार, सायंकाळी ६.१०

ॲडॉप्टर आले. ६०० ची जोडी घेतली, परत करता येईल अशा ठिकाणाहून. काय झालं ते क्रमाने लिहिते.

आधी दोन्ही एकाच बोर्डवर शेजारी लावून जोडले. एकाचं पेअर बटण दाबलं, लगेच दुसऱ्याचं, दिवा स्थिर झाला. राउटरच्या लॅन पोर्टातून एकाला वायर, दुसऱ्यातून लॅपटॉपला, ९२. मग वर नेला.

पहिला प्रयोग साध्या प्लगांवर: खाली टीव्हीमागे, वर टेबलाजवळ. दिवा लाल. लॅपटॉपवर ९ च्या आसपास आणि मधेच शून्य. फेजन्यूट्रलदादा म्हणाले तसंच, फेज वेगळे.

मग मेन पाडून फिरले. (लेकाने हे काम आवडीने केलं, मामंजींनी कीर्तन बंद पडल्यामुळे नाही.) खाली राउटरजवळचा ट्यूबच्या बोर्डवरचा प्लग इन्व्हर्टरवर निघाला. वर माझ्या खोलीत पंख्याच्या बोर्डवर एक. टेबलापासून जरा दूर आहे, म्हणून लांब इथरनेट वायर घेतली. दिवा हिरवा. नानांनी दुसऱ्या एका धाग्यात सांगितलेलं आयपर्फ३ (घरातल्या दोन यंत्रांमधला वेग मोजणारं सॉफ्टवेअर) चालवलं: ६८. रात्री खोलीतली ट्यूब लावली की ४० वर. ती ट्यूब बदलली, नाव असलेल्या कंपनीची नवीन लावली, आता ६० च्या वर राहतं. लाइट गेली तेव्हा ५५, इन्व्हर्टर साइनवेव्ह आहे. मीटिंग चालूच राहिली.

पिना: यंत्राला युरोपियन दोन गोल पिना आहेत. प्लगात बसतात, पण थोड्या हलतात.

टेम्सकाठ | रविवार, सायंकाळी ७.००

अभिनंदन! ते हलणं दुर्लक्षित करू नका. त्या पिना ४.८ किंवा ४ मिलिमीटरच्या, आपल्या ५ अँपियरच्या ५.१. सैल संपर्काने वेगही जातो आणि प्लग तापतो. दोन पिनांत अर्थ नाही, पण ६०० च्या यंत्राला अर्थची जोडी लागतही नाही.

फेजन्यूट्रल | रविवार, रात्री ८.३०

सॉकेट बदलून घ्या. चांगल्या कंपनीचं शटरवालं, आतल्या पट्ट्या घट्ट पकडणारं. कन्व्हर्टर पिन लावू नका, त्याने एक सैल जोड अजून वाढतो. हाताला गरम लागलं तर लगेच काढायचं.

नाना_नेटवर्कवाले | रविवार, रात्री ९.१५

शेवंतीताई, आता वर वायफायही हवं असेल तर घरात पडलेला जुना राउटर कामाला लावा. मेनूत ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडा, संपलं. नसेल तर त्याचं डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटणारं सेटिंग) बंद करा, त्याचा पत्ता मुख्य राउटरच्याच रांगेतला पण वेगळा द्या, आणि पॉवरलाइनची वायर त्याच्या लॅन पोर्टात घाला, वॅनमध्ये (बाहेरून इंटरनेट येतं ते पोर्ट) नको. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२. जिओफायबरचा असेल तर रांग बहुधा १९२.१६८.२९ ची असते. वॅनमध्ये घातलात तर इंटरनेट चालेल, पण वरचा प्रिंटर खालून दिसणार नाही, आणि मग तुम्ही पुन्हा धागा काढाल.

वायफायचं नाव आणि पासवर्ड खालच्यासारखाच ठेवा, चॅनल मात्र वेगळा. खाली १ असेल तर वर ६ किंवा ११.

आणि वेग मोजताना नुसती स्पीडटेस्ट बघू नका. राउटरच्या पत्त्याला सलग पिंग (निरोप जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजणारी कमांड) लावून ठेवा. मीटिंगला ६० एमबीपीएस लागत नाहीत, पिंग स्थिर लागतो. ५ मिलिसेकंदांचे मधेच २०० होत असतील तर अजून एखादी ट्यूब शोधायची बाकी आहे.

शेवंती | सोमवार, सकाळी ११.४०

पिंग ४ ते ९. पाण्याची मोटर चालू असताना एकदोनदा ६०. मोटर सकाळी सातला चालते, माझी मीटिंग दहाला. चालेल!

गोरेगाव_पूर्व | मंगळवार, दुपारी १२.०५

धागा छान. आमचा टूबीएचके फ्लॅट आहे, सिंगल फेज, इन्व्हर्टर नाही. हॉलमधून मागच्या बेडरूमपर्यंत न्यायचंय. शेजाऱ्याने पण असलीच जोडी लावली तर त्याला आमचं नेट मिळेल का?

नाना_नेटवर्कवाले | मंगळवार, दुपारी १२.५०

सिग्नल मीटरच्या बाहेर थोडाफार जाऊ शकतो, मीटर काही त्याची भिंत नाही. पण डेटा १२८ बिटी एईएसने कुलूपबंद असतो. धोका एकच: कारखान्यातून येताना सगळ्यांची किल्ली सारखीच असते, आणि नुसते प्लगात खोचले तरी ते एकमेकांना ओळखतात. म्हणून पेअर बटण दाबायचंच. त्याने तुमच्या जोडीची स्वतंत्र किल्ली तयार होते. एक लक्षात ठेवा, वेगवेगळ्या जातींची यंत्रं मिसळू नका. होमप्लग एव्ही आणि जी.एचएन या दोन वेगळ्या जाती आहेत, एकमेकांशी बोलत नाहीत.

फेजन्यूट्रल | मंगळवार, दुपारी २.१०

गोरेगावकर, पैसे घालायच्या आधी एक बघा. बेडरूममध्ये केबल टीव्हीचा पॉइंट आहे का? जाड काळी किंवा पांढरी गोल वायर, आता कुणी वापरत नसेल अशी? ती हॉलमधून पाइपातूनच आलेली असते. वायरमनला बोलवा, त्या वायरच्या टोकाला कॅट-६ (नेटची वायर) बांधायची आणि दुसऱ्या टोकाने जुनी ओढून काढायची. नवीन आपोआप आत येते. भिंत फोडायची गरज नाही आणि पूर्ण गिगाबिट मिळतं. एका माणसाने ओढायचं, दुसऱ्याने इकडून ढकलायचं. बेंडला अडकली तर जोर लावू नका, थोडी मागं घेऊन परत ओढा. फक्त त्या पाइपात विजेची वायर नाही ना, ते आधी बघा. २३० व्होल्ट आणि नेटची वायर एका पाइपात घालायची नाही.